गाल चुकला

रविवारी दुपारच्या खेळाला भरलेलं थिएटर एका सुरात ‘गाल चुकला!’ म्हणून ओरडतं आणि दर वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो गाल मी चुकवला असं सगळ्या जगाला वाटतं. मी म्हणजे ‘भट्टीतली बाई’ या सिनेमाची मेकअपवाली. माझं खरं नाव आता फक्त लाइटच्या बिलावर उरलंय. सिनेमावाल्यांत मला गालचुकी म्हणतात. हे नाव मला कोणी चिकटवलं आणि मी ते इतकी वर्षं मूग गिळून का सोसलं, ते आज सांगते. गोड शब्दांत सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका.

तुम्ही तो सिनेमा पाहिला नसेल तर तुमचं काही अडलेलं नाही. बिस्किटांच्या कारखान्यात एक बाई भट्टीत जळून मरते आणि रात्रपाळीला भूत होऊन येते. येते ती येते, वर गाणी म्हणते. मुकादमाला भट्टीत ओढतानासुद्धा तिचं कडवं चालूच असतं आणि मागे पिठाने माखलेल्या बाया तालात ट्रे आपटत असतात. भूतपट म्हणावा तर लोक ठेका धरतात, संगीतपट म्हणावा तर मध्येच कोणाचा तरी हात भट्टीत जातो. दिग्दर्शकाच्या डोक्यात हे खूळ कुठून शिरलं देव जाणे. खिशात दमडी नव्हती, बाता मात्र आभाळाएवढ्या. एकदा उकळलेली चहापत्ती तो पुन्हा उकळायला लावायचा, म्हणून युनिटने त्याचं नाव चिंगूसराव ठेवलं होतं. तोंडावर अर्थात साहेब.

यातलं भूत म्हणजे माझी ताई. लहानपणी घरातला स्टोव्ह भडकला आणि डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत तिचा गाल गेला. जीव वाचला, डोळा वाचला, आणि आवाजाला तर धक्काही लागला नाही. त्या आवाजावर तिला इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर नोकरी मिळाली. ‘थांबा हं, जोडून देते,’ एवढं ती म्हणाली तरी पलीकडच्या घाबरलेल्या माणसाला धीर यायचा. आवाज गावभर ओळखीचा आणि चेहरा कोणालाच माहीत नाही, अशी ती नोकरी. तिला ती आवडायची. येता-जाता डोक्यावरून स्कार्फ असा ओढून घ्यायची की डावी बाजू झाकली जाईल. घरातल्या एकूण एक फोटोत ती उजवा गाल पुढे करून उभी आहे. जळण्याआधीचा तिचा फोटोच नाही, कारण तेव्हा आमच्याकडे कॅमेरा बाळगण्याची ऐपत नव्हती.

मी तिला चिंगूसरावाकडे नेलं ते फक्त गाण्यासाठी. भूत दुसरी कोणी होणार होती, आवाज ताईचा असणार होता. ताईने स्कार्फ काढला, माइकसमोर उभी राहिली आणि गायली. गाणं संपलं तरी तो तिच्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आवाज भिडला. मग तो माझ्याकडे वळला आणि तिच्यासमोरच म्हणाला, “अगं, मग तुझं मेकअपचं काम तर आयतंच झालं की.”

माझ्या हातात पावडरचा डबा होता. तो त्याच्या टाळक्यात बसला नाही, कारण ताईने माझं मनगट धरलं. आणि ती त्याला हो म्हणाली. मी थक्क झाले. घरी येईपर्यंत मी रस्ताभर तिला बोलत होते. तुला काही मान आहे की नाही, त्या चिकटाला रंगाचा खर्च वाचवायचाय, म्हणून तुझा चेहरा हवाय, तू काय जत्रेतला खेळ आहेस का. ती ऐकत होती. घरात शिरल्यावर तिने स्कार्फची घडी घातली आणि म्हणाली, “रस्त्यात लोक बघतात तेव्हा त्यांना माहीत असतं की हे असंच आहे. सिनेमात त्यांना वाटेल, रंगवलंय. संध्याकाळी ही बाई तोंड धुते आणि घरी जाते. एकदा तरी लोकांना तसं वाटू दे गं.”

तिने मला शपथ घातली, हा गाल खरा आहे हे कोणालाही सांगायचं नाही. आज मी ती मोडते आहे, तीही तिच्याच सांगण्यावरून. चिंगूसरावाला शपथ घालावी लागली नाही. एका बाईचा भाजलेला चेहरा फुकटात वापरला हे मिरवण्यासारखं नाही, एवढी अक्कल त्याला होती. नावांच्या पाटीवर ‘भट्टीतली बाई’च्या पुढे त्याने मोठं प्रश्नचिन्ह टाकलं आणि त्याखाली ‘मेकअप’ म्हणून माझं नाव. तेव्हापासून लोक मला त्या व्रणाबद्दल शाबासकी देतात. मी न केलेल्या कामाची वाहवा होते आणि केलेल्या कामाची हुर्यो होते. असा न्याय.

आता केलेल्या कामाचं सांगते. कारखाना बंद पडलेला, शेड भाड्याने घेतलेली, तीही अर्धी. भट्टीकडची भिंत शाबूत होती. समोरची पडलेली, तिथे पत्रे ठोकलेले आणि पत्र्यांपलीकडे कोणाचं तरी टायरचं गोदाम चालू. दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलतात तेव्हा एकदा या बाजूने चित्र घ्यावं लागतं, एकदा त्या बाजूने. त्या बाजूने घेतलं की भुताच्या मागे टायर. चिंगूसरावाने शक्कल लढवली. दोघांनाही भट्टीच्याच भिंतीपुढे उभं करायचं आणि एकाचं चित्र नंतर लॅबमध्ये उजवं-डावं फिरवून घ्यायचं. आरशात दिसतं तसं. मग तीच भिंत समोरची वाटते. याला आम्ही ‘फिरवायचं चित्र’ म्हणायचो.

ऐकायला सोपं, करायला जीव जायचा. चित्र फिरणार म्हणजे माणसावरचं सगळं आधी उलटं करून ठेवायला हवं. हिरोचं घड्याळ दुसऱ्या हातात, भांग दुसऱ्या बाजूला. शर्टाचे दोन जोड होते, एकाचा खिसा मुद्दाम उजवीकडे शिवलेला. आणि ज्या दिवशी ताईचं फिरवायचं चित्र आलं त्या दिवशी चिंगूसराव मला सहज म्हणाला, चहा सांगावा तसा, की हिचा डावा गाल साफ कर आणि भाजलेलं उजवीकडे काढ.

साफ कर, म्हणे. मी सकाळपासून बसले. मेकअपचं मेण हाताच्या उबेने मऊ करून एक पातळ थर, तो सुकला की दुसरा, कडा बोटाने दाबून दाबून कातडीत मिसळवायच्या. वर रंग, रंगावर पावडर, पुन्हा रंग. बारीक लव दिसावी म्हणून स्पंजाने ठिपके. आयुष्यात मी तेवढं चांगलं काम पुन्हा केलेलं नाही. मग उजव्या गालावर डाव्यासारखा व्रण काढला. समोर नमुना नव्हता आणि लागलाही नाही, तो मला तोंडपाठ होता.

झाल्यावर ताईने आरसा मागितला. उजवा गाल तिने तळहाताने झाकला आणि डावा पाहिला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. मला वाटलं, रडेल, मेण सुटेल, सगळं मुसळ केरात. ती म्हणाली, “बरं जमलंय.” आणि जाऊन गायली. ‘दार लोटा, पीठ निजलंय, भट्टी माझी गार झाली’ हे ते गाणं. दुसऱ्या कडव्यात ती हिरोकडून मान वळवते आणि फक्त डावी बाजू दिसते. लांबलचक कडवं आहे. भट्टीतल्या लालसर उजेडात तो गाल, गुळगुळीत.

संध्याकाळी मी स्पिरिट घेऊन तिच्यासमोर बसले. तिने उजवा गाल पुसू दिला, डावा दिला नाही. स्कार्फ पिशवीत टाकला आणि आम्ही बाजारातून चालत घरी आलो. तिने उगाच तीन दुकानांत थांबून साबण, सुया, कसल्याकसल्या वस्तूंची चौकशी केली. घेतलं काहीच नाही. दुकानदार तिच्याशी बोलताना नजर चुकवत नव्हता, बस, एवढंच तिला बघायचं होतं. सकाळी ते मेण उशीला चिकटलेलं होतं. आम्हा दोघींपैकी एकीलाही फोटो काढायचं सुचलं नव्हतं.

पुढची गंमत ऐका. पैसे वाचवायला सिनेमाची जोडणी, म्हणजे एडिटिंगही, चिंगूसरावाने स्वतःच केली, आणि ते एक चित्र फिरवायचं विसरला. सगळा सिनेमा व्रण डावीकडे, आणि त्या एका कडव्यात अचानक उजवीकडे, डावा गाल लख्ख. पहिल्याच खेळाला कोणी तरी हसलं. वर्तमानपत्रवाल्याने विचारलं तर हा गृहस्थ हसून म्हणाला, “मेकअपवाली होती हो, गाल चुकली.” चोर सोडून संन्याशाला सुळी. सिनेमा आठवडाभरातच पडला, पण ते वाक्य पडलं नाही. मला पुढे कोणी काम दिलं नाही. ‘हिला कुंकू लावायला सांगाल तर हनुवटीला लावेल,’ असं एक जण माझ्यासमोरच म्हणाला. मी गल्लीत ब्यूटी पार्लर काढलं आणि भुवया कोरत बसले.

सिनेमा लागला त्याच आठवड्यात मी चिंगूसरावाच्या घरी जाऊन त्याला उभा-आडवा घेणार होते. चपला घातल्या होत्या. ताई दारात उभी राहिली. तिने नुकताच तो सिनेमा पाहिला होता, मागच्या रांगेत बसून, एकटीने. ती म्हणाली की तू गेलीस तर त्याला कळेल ते चित्र फिरवायचं राहिलंय, आणि तो ते फिरवेल, व्रण पुन्हा डावीकडे येईल. मग तिने एकदम खालच्या आवाजात विचारलं, “राहू देशील?”

जगात तेवढं एकच ठिकाण होतं जिथे तिचा डावा गाल शाबूत होता. मी चपला काढल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलेही असते. पण पडलेला सिनेमा कॉलेजच्या पोरांनी उकरून काढला. महिन्यातून एका रविवारी दुपारी खेळ होऊ लागला आणि त्याचा तमाशा झाला. पोरं पिठाच्या पुड्या घेऊन येतात, मुकादम भट्टीत गेला की हवेत उधळतात. गाणी त्यांना पाठ, ट्रेऐवजी खुर्च्या बडवतात. आणि पोरापोरींनी डावा गाल रंगवलेला असतो. लाल रंग, डिंक, चुरगळलेला टिशू पेपर. भाजणं हा त्यांचा वेश. ताईने तो गाल घेऊन आरशाकडे पाठ करून काढलेली वर्षं मला आठवतात आणि वाटतं, एकेकाला धरून नळाखाली घालावं. मग ते कडवं येतं आणि सगळे मिळून ओरडतात.

ताई मात्र दर खेळाला जाते. निवृत्त झाल्यापासून तर एकही चुकवला नाही. तिथे ती स्कार्फ काढते. सबंध शहरात तेवढी एकच जागा जिथे तिच्याकडे कोणी वळून बघत नाही. एकदा एका पोराने तिला थांबवून सांगितलं, “काकू, मेकअप भारी झालाय, पण जरा जास्तच झालाय.” मी त्याच्या अंगावर धावून जाणार होते. ताईला हसू आवरेना. घरी पोचेपर्यंत ती मधूनच ‘जास्तच झालाय म्हणे’ म्हणायची आणि पुन्हा हसायची. मला तिचं हसणं कळत नव्हतं आणि त्याचाही राग येत होता.

तर या वर्षी चिंगूसरावाचं नशीब फळफळलं. जुने सिनेमे धुऊनपुसून नवे करणाऱ्या एका संस्थेने ‘भट्टीतली बाई’ हाती घेतला. त्यांच्याकडची एक बाई माझ्या पार्लरमध्ये आली. चष्मा, खांद्याला जड बॅग, बोलणं इतकं नम्र की भांडायला जागाच नाही. ही दुरुस्तीवाली. तिने बॅगेतून लॅपटॉप काढला, भुवया कोरायच्या खुर्चीवर ठेवला आणि मला ते कडवं दाखवलं.

“मावशी, हे बघा. हिरोचा खिसा उजवीकडे आहे. घड्याळही दुसऱ्या हातात. मेकअपवाली गाल चुकेल, पण त्याच वेळी शिंपी खिसा चुकेल का? हे चित्र फिरवायचं राहिलंय. चूक तुमची नाहीच.”

इतकी वर्षं मी हे वाक्य ऐकायला तरसले होते. आंघोळ करताना, भुवया कोरताना मनातल्या मनात लोकांच्या तोंडून वदवून घेत होते. आणि ते ऐकलं तेव्हा मी उठून पार्लरचं दार लावून घेतलं. पुढे ती आनंदाने म्हणाली, “आता नव्या प्रतीत आम्ही ते सरळ करतोय.”

मी म्हटलं, करू नका. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, लोकांना सवय झालीय. ती म्हणाली की लोक तुम्हाला हसतात, मावशी, ते बंद होईल. मी म्हटलं, हसू देत. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. खरं कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि शपथेने तोंड शिवलेलं होतं. शेवटी ती म्हणाली की दिग्दर्शकांनी होकार दिलाय, माझ्या हातात काही नाही.

मी चिंगूसरावाला फोन लावला. म्हातारपणी त्याला प्रामाणिकपणाचा झटका आला होता. चूक ती चूक, म्हणाला, ती निस्तरायलाच हवी. रविवारी जुन्या प्रतीचा शेवटचा खेळ आहे, मी भर स्टेजवर तुझी माफी मागणार. मी म्हटलं, माफी नको, ते कडवं आहे तसं ठेवा. तो हसला. “अगं, तू अजून रागावलेली आहेस,” म्हणाला. म्हणजे मी जन्मभर रागावले तेव्हा याला पत्ता नव्हता, आणि आता माझी सगळी समजूत घालायला निघाला होता, मला हवी ती गोष्ट सोडून.

ताईला सांगताना मला वाटलं होतं, ती खचेल. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. म्हणाली, जाऊ दे. तुझं नाव तर सुटेल. माझ्यापायी तू काय कमी सोसलंस? मी म्हटलं, मला नाव नको. ती म्हणाली, “मला हवंय. तुझं.” आणि घडी घातलेला टॉवेल तिने उलगडून पुन्हा घातला. मग म्हणाली, रविवारी शेवटचं बघून घेते.

मी तिच्यावर ओरडले. तुझा हा शहाणपणा तुझ्यापाशी ठेव म्हणाले. सगळं आयुष्य दुसऱ्याला जोडून देण्यात घालवलंस, स्वतःचं एक तरी धरून ठेव म्हणाले. ती कपाटात कपडे लावत राहिली.

रविवारी थिएटर तुडुंब भरलं होतं. स्टेजवर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत चिंगूसराव, गळ्यात मफलर, एका बाजूला दुरुस्तीवाली, दुसऱ्या बाजूला मी. ताई तिसऱ्या रांगेत कडेला, उघड्या चेहऱ्याने. तिच्या आजूबाजूला रंगवलेले गाल. दुरुस्तीवालीने पडद्यावर खिसा दाखवला, घड्याळ दाखवलं, भांग दाखवला. लोक ‘ओहो’ करत होते. मग चिंगूसराव उठला. आवाज कापरा केला. या कलावंत भगिनीवर माझ्यामुळे अन्याय झाला म्हणाला. इतकी वर्षं मी एका निर्दोष बाईला हसत आलो, मी सर्वांसमक्ष हात जोडतो, म्हणाला. आणि खरंच जोडले. सगळं थिएटर उभं राहून माझ्यासाठी टाळ्या वाजवू लागलं.

खोटं कशाला बोलू, ते सुख मला झालं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. ताईसुद्धा उभी राहून टाळ्या वाजवत होती, सगळ्यांत जोरात. तिचं एकच चित्र पुसलं जाणार होतं आणि ती माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. मला इतका राग आला की कानात गुणगुण सुरू झाली. या माणसाने तिचा चेहरा फुकटात घेतला, माझं नाव फुकटात घालवलं, आणि आता माफीसुद्धा तिच्याच चित्राच्या बदल्यात देत होता.

मी माइक घेतला.

“साहेब, ती माफी परत घ्या,” मी म्हणाले. “तुम्ही विसरलात, मी नाही विसरले. या बाईंचं बरोबर आहे. ते चित्र फिरवायचं होतं. पण ते चुकून राहिलं नाही. तुम्ही ठेवलंत.”

चिंगूसराव माझ्याकडे बघत होता, तोंड अर्धवट उघडं.

“जोडणी चालू असताना तुम्ही मला बोलावून म्हणालात, सगळा सिनेमाभर ही बाई जळलेली आहे. या एका कडव्यात ती जळण्याआधीची आहे. तिचा गाल तिला परत मिळू दे. लोक हसतील, हसू देत. आठवतंय का साहेब? आणि मग माझ्यावर ढकललंत, कारण खऱ्या कलावंताने स्वतःच्या तोंडाने असं सांगायचं नसतं.”

असलं काही तो जन्मात म्हणाला नव्हता. हा विचार त्याच्या डोक्यात शिरायला तिथे रिकामी जागाच नव्हती. पण हरभऱ्याच्या झाडावर चढायला या माणसाला शिडी लागत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी बघत होते. आधी गोंधळ, मग संशय, मग डोळ्यांत हळूहळू चमक. मफलर नीट झाला. त्याने माझ्या हातातून माइक घेतला.

“मी हे कधी बोलणार नव्हतो,” तो म्हणाला. आणि मग बोलतच सुटला. स्मृती म्हणाला, काळ म्हणाला, स्त्रीचं गमावलेलं रूप म्हणाला. कॉलेजची पोरं आ वासून ऐकत होती. मघाशी माझ्यासाठी उठली होती त्याहून जोरात त्याच्यासाठी उठली. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि ते दोन्ही मी माझ्या हाताने त्याच्या पानात वाढलं. माझे दात इतके घट्ट आवळले गेले होते की दाढ दुखायला लागली.

टाळ्या थांबल्यावर दुरुस्तीवालीने चष्मा काढून पुसला. ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तिला हे पटलं नसावं. पण ती माइकवर स्पष्ट म्हणाली, “दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेली गोष्ट आम्हाला बदलता येत नाही. ते कडवं आहे तसंच राहील.”

मी खाली उतरून ताईशेजारी बसले. ती हळूच पुटपुटली, “त्या मेल्याला कशाला इतका मोठा केलास?” मी म्हटलं, गप्प बस आणि सिनेमा बघ. तिने माझा हात हातात घेतला, तो मग सोडलाच नाही.

सिनेमा सुरू झाला. पीठ उधळलं गेलं, खुर्च्या बडवल्या गेल्या, मुकादम भट्टीत गेला. मग ते गाणं आलं. दुसरं कडवं. पडद्यावर तिने मान वळवली आणि गाल लख्ख झाला. आणि थिएटरात कोणी ओरडलंच नाही. शाळा तपासायला साहेब यावेत तशी सगळी पोरं हाताची घडी घालून गप्प. त्यांना आता अर्थ कळला होता ना! माझ्या बदनामीची ती आरोळी कायमची बंद झाली होती. मला बरं वाटायला हवं होतं.

मी ताईकडे पाहिलं. ती इकडेतिकडे बघत होती, हिरमुसली होती. दर महिन्याला इतकी माणसं एका सुरात ओरडून सांगायची की तो गाल बदललाय, तिथे व्रण नाहीये. ती ते ऐकायला यायची. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसून नुसती रागावत होते आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई उठून उभी राहिली. टेलिफोन बोर्डावरचा तो आवाज, अख्ख्या इस्पितळाला पुरून उरलेला, तिने तो छातीभरून सोडला.

“गाल चुकला!”

एक क्षण सगळे दचकले. मग छप्पर उडेल असं थिएटर ओरडलं, पुन्हा पुन्हा ओरडलं, पिठाचा धुरळा उठला. त्यांच्यात मीही ओरडत होते, माझ्याच नावाने. पुढच्या रांगेतली एक गाल रंगवलेली पोरगी मागे वळली आणि म्हणाली, “काकू, आवाज अगदी तिच्यासारखा आहे हो तुमचा.”

“गालही,” ताई म्हणाली, आणि पडद्याकडे बोट दाखवलं.